ध्वनितरंग, मॉड्युलेशन आणि श्रवण : रायगड किनाऱ्यावरील नादानुभवांच्या आधारे संगीतध्वनिशास्त्रातील मूलभूत संकल्पनांचे विवेचन

सारांश

संगीत हा कलेचा, ध्वनी हा पदार्थविज्ञानाचा आणि श्रवण हा शरीरक्रियाशास्त्राचा विषय मानला जातो. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत हे तीन विषय तीन विभागांत शिकविले जातात. प्रत्यक्ष नादानुभवात मात्र ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. प्रस्तुत लेखात ध्वनितरंग, मॉड्युलेशन आणि श्रवण या तीन संकल्पनांचा परस्परसंबंध रायगड किनाऱ्यावरील परिचित नादांच्या आधारे स्पष्ट केला आहे. संगीताचा आशय तरंगाच्या आकारमानात नसून त्यात घडणाऱ्या सूक्ष्म बदलांत असतो. हे बदल टिपणारी कानाची यंत्रणा अत्यंत नाजूक असून एकदा नष्ट झाल्यावर ती पुन्हा निर्माण होत नाही. त्यामुळे आवाजाची पातळी वाढविल्याने संगीत वाढत नाही, उलट ते ऐकण्याची क्षमता घटते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ध्वनितरंग, वारंवारता, अधिस्वर, मॉड्युलेशन, विस्पंद, अंतर्कर्ण, डेसिबल, श्रवणहानी.

१. प्रस्तावना

अलिबाग तालुक्यातील थळच्या किनाऱ्यासमोर समुद्रात खांदेरी हा जलदुर्ग आहे. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ल्याचे बांधकाम हाती घेतले. १८६७ मध्ये तेथे दीपगृह उभे राहिले आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरीचीही गणना झाली. इतिहासाच्या अभ्यासकाला हे बेट परिचित आहे. तेथील एका खडकाकडे मात्र पदार्थविज्ञानाच्या आणि संगीताच्या अभ्यासकानेही लक्ष द्यावे अशी त्याची योग्यता आहे. लहान दगडाने आघात केला असता हा खडक धातूच्या भांड्यासारखा खणखणीत वाजतो. बेटावर जाणारा प्रत्येक जण तो वाजवून पाहतो आणि कौतुक करून परततो. परंतु आजूबाजूचे इतर खडक आघातानंतर केवळ 'ठक्' असा आवाज करून थांबतात आणि हाच एक का निनादतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारताच तीन उपप्रश्न निर्माण होतात. खडकात नेमके काय घडते? तेथे घडलेले कानापर्यंत कसे पोहोचते? आणि कानाला जे मिळते त्याला मन 'धातूसारखा नाद' असे का म्हणते? संगीतध्वनिशास्त्राची मांडणी याच तीन प्रश्नांभोवती झालेली आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) ध्वनितरंगाचे स्वरूप आणि नादाची तीन लक्षणे यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) मॉड्युलेशन ही संकल्पना केवळ रेडिओपुरती मर्यादित नसून संगीताच्याही मुळाशी आहे, हे दाखविणे.
३) श्रवणयंत्रणेचे कार्य आणि तिच्या मर्यादा मांडणे.
४) श्रवणरक्षणाचा प्रश्न सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांच्या विचारार्थ ठेवणे.

३. ध्वनितरंगाचे स्वरूप

तरंग म्हटले की किनाऱ्यावरील मनुष्याच्या डोळ्यांसमोर समुद्राची लाट येते. ही उपमा काही अंशी योग्य आणि काही अंशी दिशाभूल करणारी आहे. खोल पाण्यावर तरंगणारे मासेमारीच्या जाळ्याचे बोयरे लाटेबरोबर किनाऱ्याकडे वाहून येत नाही, ते जागच्या जागी वरखाली होते. पाणी पुढे जात नाही, चलनवलन पुढे जाते. ध्वनीच्या बाबतीतही हेच घडते. सनई वाजविणाऱ्याच्या तोंडातील हवा श्रोत्याच्या कानापर्यंत येत नाही, तिने निर्माण केलेली हालचाल येते. येथपर्यंत उपमा बरोबर आहे. मात्र लाटेत पृष्ठभाग वरखाली होताना दिसतो, तर ध्वनीत हवेचे कण तरंगाच्या प्रवासाच्या दिशेतच मागेपुढे होतात. त्यामुळे हवेत आळीपाळीने दाट आणि विरळ थर, म्हणजे संपीडने आणि विरलने, तयार होतात. अशा तरंगाला अनुतरंग म्हणतात.

एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे वारंवारता. ती हर्ट्झ या एककात मोजतात. हवेतील ध्वनीचा वेग शून्य अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमानातील प्रत्येक अंशामागे तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. कोकणातील ३० अंश तापमानाला तो सुमारे ३४९ मीटर होतो. समुद्राच्या पाण्यात हाच वेग सेकंदाला १५०० मीटरहून अधिक असतो. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. मानवी कानाची मर्यादा साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ मानली जाते. त्यानुसार ऐकू येणाऱ्या सर्वांत खर्ज नादाची तरंगलांबी सुमारे साडेसतरा मीटर, तर सर्वांत उच्च नादाची पावणेदोन सेंटिमीटर एवढी भरते. मोठ्या तरंगलांबीचा नाद भिंती, झाडे आणि घरे यांना वळसा घालून जातो, लहान तरंगलांबीचा नाद त्यांच्यामुळे अडतो. मिरवणूक गल्लीच्या पलीकडे असताना ढोल ऐकू येतो आणि सनई समोर आल्यावरच स्पष्ट होते, याचे एक कारण हेच आहे.

तापमान आणि वारा यांमुळे ध्वनीची वाट वाकते, हाही किनाऱ्यावरचा नित्याचा अनुभव आहे. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची तुलनेने थंड असते, त्यामुळे ध्वनितरंग वरच्या दिशेने वळतात आणि दूरच्या श्रोत्याला चुकवून निघून जातात. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतच्या हवेपेक्षा वरचा थर उबदार राहतो आणि तरंग पुन्हा खाली वळतात. त्यातच रात्रीचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. गावातील मंदिरात चाललेले भजन खाडीत नांगरलेल्या होडीवर रात्री स्पष्ट ऐकू येते आणि तेच दुपारी ऐकू येत नाही. यात रात्रीच्या शांततेचा वाटा आहेच, परंतु वाकलेल्या वाटेचाही आहे.

४. नादाची तीन लक्षणे आणि कंपन पावणाऱ्या वस्तू

भारतीय संगीताच्या क्रमिक पुस्तकांत नादाची तीन लक्षणे सांगितली जातात : नादाची उच्चनीचता, नादाचा लहानमोठेपणा आणि नादाची जाती. पदार्थविज्ञानाच्या भाषेत उच्चनीचता मुख्यतः वारंवारतेवर आणि लहानमोठेपणा मुख्यतः कंपनाच्या आयामावर अवलंबून असतो. जाती, म्हणजे एकाच स्वराचा सनईवरील आणि बासरीवरील नाद वेगळा ओळखू येणे, ही बाब अधिक गुंतागुंतीची आहे.

कोणतेही वाद्य एकच वारंवारता क्वचितच निर्माण करते. मूळ स्वराबरोबर अनेक उच्च कंपने एकाच वेळी घडत असतात. त्यांना अधिस्वर म्हणतात. ताणलेल्या तारेचे अधिस्वर मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींत असतात. २४० हर्ट्झच्या षड्जाबरोबर ४८०, ७२०, ९६० हर्ट्झची कंपने चालू असतात. अधिस्वर अशा पूर्ण पटींत असले की कान त्या सर्वांचा एकच निश्चित स्वर बांधतो. ते तसे नसले की नाद ऐकू येतो, पण त्याला ठाम स्वर सापडत नाही. कोणते अधिस्वर किती बळकट आहेत आणि ते कसे उमटून कसे विरतात, यावरून नादाची जाती ठरते.

आता खांदेरीच्या खडकाकडे परत येता येईल. दगड हा कठीण आणि स्थितिस्थापक पदार्थ आहे. तो एकसंध, भेगारहित आणि मोजक्याच ठिकाणी टेकलेला असेल, तर आघाताची ऊर्जा झटकन जमिनीत मुरत नाही आणि तो काही काळ कंपन पावत राहतो. भेगा असलेल्या किंवा मातीत रुतलेल्या खडकात ही ऊर्जा क्षणार्धात नाहीशी होते. निनादणाऱ्या खडकाचे अधिस्वर पूर्ण पटींत नसतात. धातूच्या भांड्याचे आणि घंटेचेही ते तसे नसतात. दीर्घकाळ टिकणारे, उच्च आणि पटींत न बसणारे अधिस्वर ही धातूच्या नादाची खूण कानाला परिचित असते. म्हणून डोळ्यांना दगड दिसत असूनही कान 'भांडे' असे सांगतो.

सनईचे तत्त्व वेगळे आहे. तिच्या तोंडाशी असलेल्या दुहेरी पातीच्या फटीतून हवा तुटकपणे आत जाते आणि नळीतील हवेचा स्तंभ तिला विशिष्ट वारंवारतेने उघडझाप करण्यास भाग पाडतो. या परस्पर साथीला अनुस्पंदन म्हणतात. सनईची नळी शंकूच्या आकाराची असल्याने तिच्यात सर्व पटींतील अधिस्वर उमटतात आणि त्यांतील वरचे अधिस्वर विशेष बळकट असतात. रायगड आणि रत्नागिरीच्या ग्रामीण भागांत लग्नकार्यात व उत्सवांत वाजणाऱ्या खालू बाजात ढोल व टिमकीच्या गदारोळातही सनई वेगळी ऐकू येते, ती मोठी वाजते म्हणून नव्हे. ढोलाची बरीचशी ऊर्जा खालच्या वारंवारतांत असते आणि सनईची ओळख वरच्या अधिस्वरांत असते. दोहोंची क्षेत्रे निराळी असल्याने ती एकमेकांना पूर्णपणे झाकत नाहीत.

चर्मवाद्यांच्या बाबतीत भारतीय कारागिरांनी एक असाधारण गोष्ट साधली. साध्या, एकसारख्या जाडीच्या वर्तुळाकार पडद्याची कंपने मूळ वारंवारतेच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा पटींत असतात. त्यामुळे साध्या ढोलाला सुस्पष्ट स्वर नसतो. तबला, मृदंग आणि पखवाज यांच्या पुडीवर मध्यभागी शाईचे थर चढविले की ही विषम कंपने सरकून जवळजवळ १, २, ३, ४, ५ या पूर्ण पटींत बसतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आणि पुढे १९३४ च्या सविस्तर निबंधात ही बाब प्रयोगांनी दाखवून दिली. अलिबाग परिसरातील भजनी मंडळात पखवाजाच्या डाव्या पुडीवर मळलेली कणीक लावून नाद खर्जात उतरविला जातो, तेव्हा तोही पडद्यावरील वजनाचाच उपयोग असतो. रामन यांनी तंबोऱ्याच्या जवारीचाही अभ्यास केला होता. घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागाला तार चाटून जात असल्यामुळे, छेडण्याच्या जागेमुळे उमटू नयेत असे अधिस्वरही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे त्यांनी १९२१ मध्ये नोंदविले. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे जवारी लावणाऱ्या हातांची ही विद्या आहे.

५. मॉड्युलेशन : तरंगातील बदल हाच संदेश

अखंड, एकाच वारंवारतेचा आणि एकाच आयामाचा तरंग 'मी आहे' याखेरीज काहीच सांगत नाही. संदेश द्यावयाचा असेल तर तरंगात बदल करावा लागतो. या नियंत्रित बदलाला मॉड्युलेशन म्हणतात. ज्या तरंगात बदल केला जातो तो वाहक तरंग होय. त्याचा आयाम बदलला तर आयाम मॉड्युलेशन आणि वारंवारता बदलली तर वारंवारता मॉड्युलेशन घडते.

या संज्ञा रेडिओमुळे रूढ झाल्या. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात आयाम मॉड्युलेशन वापरतात. समजा, वाहक तरंग दहा लक्ष हर्ट्झचा आहे आणि त्यावर ३०० हर्ट्झचा स्वर आरूढ करावयाचा आहे. वाहकाची उंची सेकंदाला ३०० वेळा कमीजास्त केली की ९,९९,७०० आणि १०,००,३०० हर्ट्झ अशा दोन नव्या वारंवारता निर्माण होतात. बदल केला की नवी वारंवारता जन्मते, हा नियम पुढे संगीतातही उपयोगी पडतो. मॉन्सूनपूर्व विजांच्या काळात मध्यम लहरींवर खरखर येते, कारण वीज आयामातच ढवळाढवळ करते. मासेमारी नौकांवरील सागरी व्हीएचएफ संच वारंवारतेच्या प्रकारातील मॉड्युलेशनवर चालतात; त्यांचा संकटकालीन सोळावा चॅनेल १५६.८ मेगाहर्ट्झवर असतो. या पद्धतीत संदेश आयामात नसल्यामुळे अशा खरखरीचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

मानवाने मॉड्युलेशनचा उपयोग मात्र रेडिओच्या कितीतरी आधी केला. रायगड किनाऱ्यावर बेने इस्राएल समाजाची दीर्घ वस्ती आहे. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नौकाभंगानंतर अलिबागजवळील नवगाव येथे किनाऱ्याला लागले. तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली' या नावाने ओळखले गेले. या समाजाच्या प्रार्थनालयांत नववर्षाला, म्हणजे 'नव्याच्या सणा'ला, शोफार हे मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य फुंकले जाते. शोफारला बोटांची छिद्रे नसतात आणि त्यातून मोजकेच स्वर निघतात. तरीही त्याच्या हाका निरनिराळ्या आहेत : एक दीर्घ अखंड नाद, तीन खंडित नाद आणि नऊ लहान तुटक नाद. स्वर जवळपास तेच, बदलते ती आयामाची मांडणी. ऐकणाऱ्याला त्यातून एकदा घोषणा, एकदा उसासा आणि एकदा आक्रंदन जाणवते. आयाम मॉड्युलेशनचे याहून सोपे आणि प्राचीन उदाहरण अन्यत्र शोधण्याची गरज नाही.

वारंवारतेतील बदलाचे क्षेत्र भारतीय संगीतात अतिशय समृद्ध आहे. मींड म्हणजे वारंवारतेचा सलग प्रवास, गमक म्हणजे तिचे जोरकस हेलकावे आणि आंदोलन म्हणजे तिचे संथ झुलणे. दरबारी कानड्याचा गंधार स्थिर ठेवला तर राग ओळखू येईनासा होतो. तो राग त्या स्वराच्या हालचालीत आहे. पाश्चात्त्य गायनातील कंप सेकंदाला साधारणपणे पाच ते सात वेळा घडतो. बोलण्यातील अक्षरांची गतीही सेकंदाला चार-पाचाच्या आसपास असते. बदल या मंद गतीने होत असेल तर कान तो 'हालचाल' म्हणून ऐकतो. गती सेकंदाला वीसपेक्षा बरीच वाढली की हालचाल वेगळी कळत नाही, नाद खरखरीत वाटू लागतो.

दोन जवळच्या स्वरांच्या संयोगातूनही आयाम कमीजास्त होतो. २४० आणि २४३ हर्ट्झचे स्वर एकत्र वाजले की सेकंदाला तीन वेळा नाद फुगतो आणि ओसरतो. यांना विस्पंद म्हणतात. तंबोरा जुळविणारा कलावंत हे विस्पंद मंदावत मंदावत नाहीसे होईपर्यंत खुंटी आणि मणी फिरवितो. पेटीचा वादही याच संकल्पनेतून समजतो. २४० हर्ट्झच्या षड्जाला स्वाभाविक शुद्ध गंधार ३०० हर्ट्झचा असतो. पेटीच्या समान अंतराच्या सप्तकात तो सुमारे ३०२.४ हर्ट्झ असतो. फरक क्षुल्लक वाटतो. परंतु षड्जाचा पाचवा अधिस्वर १२०० हर्ट्झ आणि पेटीच्या गंधाराचा चौथा अधिस्वर सुमारे १२०९.५ हर्ट्झ असल्याने सेकंदाला नऊ ते दहा विस्पंद उमटतात. तंबोऱ्याच्या झंकारात ते कानाला टोचतात. मींड काढण्याची असमर्थता हा पेटीवरील दुसरा आक्षेप होता. आकाशवाणीवर १९४० मध्ये पेटीला झालेली मनाई १९७१ पर्यंत टिकली, तिच्यामागे असे आक्षेप होते.

या प्रश्नाचा शोध महाराष्ट्रात त्याआधीच सुरू झाला होता. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त बावीस श्रुतींचे विवेचन केले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील ग्रंथ प्रसिद्ध करून त्या कंपनसंख्यांच्या भाषेत मांडल्या. अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्यासह त्यांनी पुरस्कारिलेली श्रुतिपेटी १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत चर्चेचा विषय ठरली. याच दशकात रायगड किनाऱ्यावरील जंजिरा संस्थानाच्या नाझली बेगम यांच्या भगिनी अतिया बेगम फैझी यांनी १९१४ मध्ये लंडन येथे भारतीय संगीतावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. आकड्यांनी श्रुती किती पकडता येते, हा वाद त्या परिषदेत मिटला नाही. याचे कारण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : गायकाची श्रुती हा स्थिर बिंदू नसून बहुधा चालता तरंग असतो.

६. श्रवण : तरंगापासून अर्थापर्यंत

कानाची बाह्यनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला पडद्याने बंद असलेली नळी आहे. अशा नळीचे अनुस्पंदन सुमारे ३,४०० हर्ट्झच्या आसपास होते. म्हणून मानवी कान तीन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. बाळाचे रडणे आणि सनईची धार या पट्ट्यामुळेच चटकन जाणवतात.

पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे असतात. हवेतील तरंग थेट द्रवावर आदळला तर बहुतांश ऊर्जा परावर्तित होते. पाण्यात बुडी मारलेल्या माणसाला काठावरची हाक नीट ऐकू येत नाही, ती याच कारणाने. कानाचा पडदा मोठा आणि अंतर्कर्णाची खिडकी लहान असल्याने, तसेच हाडांच्या तरफेमुळे, दाब सुमारे वीसपटीने वाढतो आणि ही अडचण दूर होते.

अंतर्कर्णातील मुख्य इंद्रिय शंखाच्या आकाराचे आहे. सुमारे अडीच वेढ्यांची ही नलिका उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरते. तिच्यातील पडद्यावर उच्च स्वर प्रवेशद्वाराजवळ आणि खर्ज स्वर टोकाकडे सर्वाधिक कंपन निर्माण करतात. हरमान हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात या दिशेने सिद्धान्त मांडला आणि त्या पडद्यावरील प्रवासी तरंग प्रत्यक्ष दाखविणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावर केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात : आतील ओळीत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरील ओळींत सुमारे बारा हजार. आतील पेशी मेंदूला संदेश पाठवितात, बाहेरील पेशी क्षीण कंपनांना बळ देतात. एवढ्याच भांडवलावर मनुष्य संपूर्ण आयुष्याचे ऐकणे ऐकतो.

ऐकणे ही केवळ नोंद नव्हे, ती रचना आहे. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता साधारण शंभर ते दीडशे हर्ट्झ असते, म्हणजे ती तारेतून जातच नसे. तरीही वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटे. अधिस्वरांमधील समान अंतरावरून मेंदू गैरहजर मूळ स्वर उभा करतो.

७. तीव्रता, डेसिबल आणि श्रवणहानी

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप गुणाकाराचे आहे. ८० वरून ९० डेसिबलला गेले की ध्वनितीव्रता दहापट होते. कानाला मात्र तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते. कान या वाढीला कमी लेखतो, पेशी मात्र ती पूर्णपणे सोसतात. धोका येथेच आहे.

व्यावसायिक आरोग्यक्षेत्रात मान्य असलेल्या एका मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसता येतो. त्यानंतर प्रत्येक तीन डेसिबलला काळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. मोकळ्या जागेत लहान ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सहा डेसिबलने घटते. पाच मीटरवर १०० डेसिबल असेल तर वीस मीटरवर ८८ डेसिबल होते, म्हणजे सुरक्षित काळ पंधरा मिनिटांवरून चार तासांवर जातो. ध्वनिवर्धकांच्या उंच भिंतीजवळ मात्र ही घट इतकी जलद होत नाही. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००५ च्या निर्णयानेही रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील ध्वनिवर्धकांवरील निर्बंध अधोरेखित केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वैयक्तिक श्रवणसाधनांसाठी प्रौढांकरिता आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, हे प्रमाण सुचविले आहे.

अतितीव्र आवाजाने तंतुपेशी दुखावतात, सतत दुखावल्या तर मरतात आणि मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला आघात साधारणपणे ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या क्षेत्रावर होतो. या हानीत बधिरता जाणवत नाही, कारण स्वरांचे खालचे क्षेत्र शाबूत असते. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'स', 'श', 'फ', 'थ' यांची ओळख उच्च वारंवारतेत आणि अल्प ऊर्जेत असते. गजबजाटात 'सात' आणि 'साठ', 'फळ' आणि 'थळ' यांत गोंधळ होऊ लागतो. वर्गात मागील बाकावर बसलेला विद्यार्थी प्रश्नाचे विसंगत उत्तर देतो, तेव्हा दोष नेहमी लक्ष नसण्याचाच असेल असे नाही. किनारपट्टीवरील महाविद्यालयांत सुट्टीच्या दिवसांत नौकेवर इंजिनाजवळ काम करणारे, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणारे आणि बसप्रवासात कानात हेडफोन लावून बसणारे विद्यार्थी आहेत. कित्येकदा या तिन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. ढोल वाजविणारे आणि सनई फुंकणारे कलावंतही या धोक्यातून मुक्त नाहीत.

येथे आधीच्या तिन्ही संकल्पना एकत्र येतात. सनईची जाती वरच्या अधिस्वरांत आहे, त्याच क्षेत्रातील पेशी प्रथम मरतात. आंदोलन आणि श्रुती सूक्ष्म बदलांत आहेत, ते बदल टिपणारी यंत्रणाच बोथट होते. मग बोथट कानाला समाधान देण्यासाठी आवाज आणखी वाढविला जातो आणि हे चक्र पुढे चालू राहते. परंपरा जपण्यासाठी तिचे ध्वनिमुद्रण केले जाते, हे योग्यच आहे. पण ते ऐकणारे कान जपले नाहीत तर त्या ध्वनिमुद्रणाचा उपयोग काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

८. निष्कर्ष

१) नादाची उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती ही संगीतशास्त्रातील लक्षणे आणि वारंवारता, आयाम व अधिस्वर या पदार्थविज्ञानातील संकल्पना परस्परपूरक आहेत. मात्र त्यांना जोडणारा दुवा कान आहे, यंत्र नव्हे.
२) मॉड्युलेशन हे रेडिओ, वाणी आणि संगीत या तिन्हींचे समान तत्त्व आहे. शोफारच्या हाका आणि दरबारीचा गंधार यांत माध्यम एकच, बदलाची जागा निराळी आहे.
३) डेसिबल हे गुणाकाराचे माप असल्याने पातळीतील थोडी वाढही धोकादायक ठरू शकते. हे गणित विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही शिकविणे आवश्यक आहे.
४) पदार्थविज्ञान, प्राणिशास्त्र, संगीत आणि भाषा या विभागांना खालू बाजा, भजन किंवा वर्गातील बोलणे यांवर संयुक्त प्रकल्प घेता येतील. अशा प्रकल्पासाठी आवाजाची पातळी मोजणारे साधे उपकरण पुरेसे आहे. स्नेहसंमेलनाच्या मंडपात पहिल्या आणि शेवटच्या रांगेत पातळी मोजून तिच्यानुसार ध्वनिवर्धक ठेवणे, ही त्याची सहज करता येणारी सुरुवात आहे.

खांदेरीचा खडक कोणी वाजविला तरी वाजेल. तो कठीण आहे, आघात सोसून पुन्हा पूर्ववत होतो. कानातील तंतुपेशींना ही सवलत नाही. वाजणाऱ्या वस्तूपेक्षा ऐकणारी वस्तू अधिक नाजूक आहे, एवढे भान अध्यापनातून निर्माण झाले तरी संगीतध्वनिशास्त्राच्या अभ्यासाचे एक प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.